वाढत्या घराचा हिशेब

मराठी मुलखात घराचे माप पूर्वी चौरस फुटांत सांगितले जात नसे. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याची माडी सात खणांची, अशी भाषा रूढ होती. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. त्याचे माप सुताराला आणि गवंड्याला ठाऊक असे. किती खण बांधावयाचे, एवढेच घरधन्याने सांगावयाचे असे. हंगाम चांगला गेला की एका अंगाला पडवी काढावी, मुलाचे लग्न ठरले की वर माडी चढवावी, अशा रीतीने घर कुटुंबाबरोबर आणि कुटुंबाच्या ऐपतीबरोबर वाढत असे. आज नगररचनेच्या परिषदांतून ज्या ‘मोड्युलर’ घराची, म्हणजे ठराविक मापाचे घटक एकाला एक जोडून उभ्या होणाऱ्या घराची, इतकी चर्चा होते, त्याचे मूळ तत्त्व मराठी माणसाला अपरिचित नाही.

चर्चेत मात्र या तत्त्वाचा अर्धाच भाग उरला आहे. घटकांचे घर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कारखाना: तेथे भिंती ओतावयाच्या, ट्रकवर लादावयाच्या, यारीने उचलून एकावर एक रचावयाच्या आणि काही महिन्यांत दहा मजले उभे करावयाचे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत ज्या नमुना प्रकल्पांची पायाभरणी केली, त्यांचा रोख याच दिशेचा आहे. बांधकामाचा वेग वाढावा, सिमेंटची आणि पाण्याची नासाडी टळावी, हे हेतू चांगलेच आहेत. जगातील कार्बन वायूच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात असताना त्यांना कोण नावे ठेवील? परंतु ज्या कुटुंबाला घराची सर्वांत अधिक निकड आहे त्याची अडचण बांधकामाच्या वेगाची आहे की पैशाच्या वेगाची, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला जातो. कमाई दरमहा थोडी थोडी येते आणि घर मात्र एकदम संपूर्ण विकत घ्यावे लागते. शहरातील घराच्या प्रश्नाचे एक प्रमुख मूळ या विसंगतीत आहे.

कारखान्यातून घरे काढण्याचा प्रयोग या देशाला नवा नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखाना काढण्यात आला होता आणि जर्मनीहून आलेले वास्तुतज्ज्ञ ओटो कोनिग्सबर्गर हे त्या योजनेचे सूत्रधार होते. काँक्रीटचे तयार फलक जोडून झटपट घर उभे करावयाचे, ही कल्पना आकर्षक होती. पण अपेक्षित घरे त्या कारखान्यातून बाहेर पडली नाहीत. कोनिग्सबर्गर पुढे भारत सोडून गेले आणि कारखान्याने इतर प्रकारची कामे हाती घेतली. घर स्वस्त करण्याचा मार्ग केवळ यंत्रातून जात नाही, हा धडा त्याच वेळी मिळाला होता. दुसरा मार्ग कोणता, याचे उत्तर मुंबईच्या उपनगरांत गेली चार दशके उभे आहे. त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, इतकेच.

चारकोप आणि गोराई

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली ‘मुंबई नागरी विकास प्रकल्प’ सुरू झाला. बांधलेले घर न देता सेवांनी युक्त असा भूखंड द्यावयाचा, हे त्याच्या एका प्रमुख शाखेचे सूत्र होते. म्हाडाने त्यानुसार कांदिवलीचे चारकोप, बोरीवलीचे गोराई, मालाडचे मालवणी, अंधेरीचे वर्सोवा आणि मुलुंड अशा ठिकाणी वसाहती आखल्या. (गोराई म्हणजे येथे खाडीपलीकडचे गाव नव्हे, अलीकडची वसाहत.) चारकोप-गोराईची बरीचशी जमीन त्या काळी खाडीलगतची, सखल आणि दूरची मानली जात असे. तेथे भराव घालून रस्ते, पाणी, मलवाहिन्या आणि वीज पोहोचविण्यात आली. शाळा, बाजार आणि मैदाने यांच्या जागा राखण्यात आल्या. आणि उरलेल्या जमिनीवर लहान लहान भूखंड पाडण्यात आले. सर्वांत लहान भूखंड सुमारे २५ चौरस मीटरचा, त्यापेक्षा बरा ४० चौरस मीटरच्या आसपासचा. भोवती पस्तीसएक भूखंड आणि मध्ये सामाईक चौक अशी मांडणी करून त्या कुटुंबांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था करावयाची, हे चारकोपच्या आराखड्याचे वैशिष्ट्य होय. आजही तेथील पत्त्यांत ‘आरडीपी’ आणि गोराईच्या पत्त्यांत ‘आरएससी’ ही अक्षरे आढळतात. पोस्टमनला आणि रिक्षावाल्याला ती तोंडपाठ असतात. ती कोणत्या योजनेची खूण आहेत, हे मात्र तेथे वाढलेल्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

या योजनेत घटक होता तो भूखंडाचा, घराचा नव्हे. जोत्याखालचे सारे, म्हणजे जमिनीचा हक्क, पाणी, सांडपाण्याची वाट आणि रस्ता, शासनाने द्यावयाचे. जोत्यावरचे सारे कुटुंबाने आपल्या सोयीने उभारावयाचे. पहिल्या वर्षी विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. पुढे थोडी शिल्लक पडली की पत्र्याच्या जागी स्लॅब. त्यानंतर बाहेरून लोखंडी जिना आणि वर एक खोली. थोरल्याचे लग्न झाले की ती खोली त्याला, नाहीतर भाडेकरूला. रस्त्याकडेचा भूखंड असेल तर खाली शिवणयंत्र, पिठाची गिरणी किंवा वाण्याचे दुकान. चारकोपच्या कोणत्याही गल्लीतून हिंडताना ही सारी अवस्थांतरे आजही ओळखू येतात. एक घर अजून बैठे आहे, शेजारचे दोन मजली झाले आहे, त्यापलीकडच्या घराला संगमरवरी फरशी आणि वातानुकूलन यंत्र आहे. गल्ली एकच आहे आणि भूखंडांची मूळ मापेही सारखीच आहेत.

भूखंडांच्या आकारांतही अर्थशास्त्र होते. काही मोठे भूखंड आणि व्यापारी जागा चढ्या भावाने विकून येणाऱ्या रकमेतून लहान भूखंडांची किंमत उतरविण्यात आली. त्यामुळे एकाच वसाहतीत गिरणीकामगार, शिक्षक, बँकेतील कारकून आणि छोटा व्यापारी असे निरनिराळ्या मिळकतीचे लोक शेजारी आले. शाळा आणि दुकाने चालण्यास अशी मिसळ उपकारक ठरते.

याच काळात, १९८३ ते १९८६ या वर्षांत, खाडीपलीकडे बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी अशीच एक वसाहत रचली. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचा चौक, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, अशी साखळी करून सुमारे साडेपाचशे कुटुंबांची सोय त्यांनी बैठ्या आणि एकमजली घरांत केली. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवावयाची नाही, हा त्यातील महत्त्वाचा नियम. भिंत स्वतंत्र असली म्हणजे शेजाऱ्याच्या परवानगीवाचून घर वाढविता येते. वाढीची सोय आराखड्यातच करून ठेवावी लागते, ती मागाहून चिकटविता येत नाही, हे बेलापूरने दाखविले. बाळकृष्ण दोशी यांची इंदूरची अरण्य वसाहत १९८९ च्या सुमारास उभी राहिली, तीही याच विचाराची होती. पुढे २००४ साली चिली देशातील इकीके शहरात आलेहांद्रो आरावेना यांनी निम्मे घर बांधून देऊन उरलेले निम्मे कुटुंबाने बांधावे अशी योजना केली, तेव्हा जगाने तिचे कौतुक केले. २०१६ साली आरावेना यांना आणि २०१८ साली दोशी यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. चारकोपच्या वाट्याला कोणताही गौरव आला नाही.

हप्त्यांचा हिशेब

वाढत्या घराचे समर्थन बहुधा भावनेच्या किंवा सौंदर्याच्या भाषेत केले जाते. त्याची खरी बाजू हिशेबाची आहे. जमिनीची किंमत घटकाभर बाजूला ठेवून केवळ बांधकामाचा विचार करू. समजा, एका कुटुंबाला पुरेशा घरासाठी २४ लाख रुपये लागतात. ही रक्कम त्याने एकदम, नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढली तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,६०० रुपये येतो आणि वीस वर्षांत सुमारे ५१ लाख ८० हजार रुपये फेडावे लागतात. म्हणजे व्याजच मुद्दलाहून अधिक झाले. आता तेच घर तीन टप्प्यांत बांधले. प्रत्येक टप्प्याला आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी त्याच दराने घेतले. हप्ता सुमारे १६,६०० रुपये येईल आणि पंधरा वर्षांत एकूण फेड तीस लाखांच्या आत राहील. व्याज सहा लाखांहूनही कमी.

बांधकामाचे दर दरम्यान वाढतील, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. ही वाढ दरसाल सहा टक्के धरली तर तीन टप्प्यांची एकूण फेड सुमारे ४१ लाखांवर जाते. ती तरीही एकरकमी कर्जाच्या फेडीहून दहा लाखांनी कमी ठरते. शेवटच्या टप्प्याचा हप्ता तोवर तीस हजारांच्या आसपास गेलेला असेल; पण दहा वर्षांत पगार वाढलेला असतो, कदाचित मुलगा किंवा मुलगी कमावती झालेली असते, वरच्या खोलीचे भाडेही येत असते. शिवाय मध्येच आजारपण आले किंवा नोकरी गेली तर टप्प्याटप्प्याने बांधणारे कुटुंब पुढचा टप्पा लांबणीवर टाकते; वीस वर्षांच्या हप्त्यात अडकलेल्याला ती मुभा नसते. या सवलतीची किंमतही आहे, ती लपविण्याचे कारण नाही. पहिली काही वर्षे एका खोलीत, पत्र्याखाली काढावी लागतात. पण ती खोली स्वतःची असते, तिला नळ आणि शौचालय असते, आणि ती पाडली जाण्याचे भय नसते.

या पार्श्वभूमीवर गेल्या तीन दशकांचे गृहधोरण पाहावे. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. चाळीस लाख लोकांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. त्या आकड्याच्या जवळपासही ही योजना अद्याप गेलेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील दर शंभरांपैकी चाळीसहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. योजनेतील घराचे क्षेत्र आरंभी २२५ चौरस फूट होते, पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. गंमत अशी की २६९ चौरस फूट म्हणजे बरोबर २५ चौरस मीटर, म्हणजेच चारकोपचा सर्वांत लहान भूखंड! फरक इतकाच की चारकोपच्या कुटुंबाने त्या पंचवीस मीटरचे पन्नास आणि कधी पंचाहत्तर केले. सातव्या मजल्यावरील सदनिका मात्र पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच शेवटपर्यंत राहणार. नातवंडे झाली तरी तीच खोली. तिला उद्वाहनाचा, पंपाचा आणि देखभालीचा खर्च दरमहा लागतो तो निराळाच. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथील क्षयरोगाच्या प्रादुर्भावाचा हवा-उजेडाच्या अभावाशी संबंध असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या पाहणीत दिसून आले. ‘शाश्वत’ हा शब्द आज घराच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. पण ज्या घरात सूर्यप्रकाश येत नाही आणि ज्याचे उद्वाहन बंद पडले की वृद्ध माणसे घरातच अडकून पडतात, त्याला तो कसा लावावा?

अपयश की यश?

सेवायुक्त भूखंडांची ही योजना मग बंद का पडली? प्रकल्पाची मुदत १९९४ साली संपली तेव्हा तिच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. काम रेंगाळले होते, वसाहती ओस वाटत होत्या, अनेक मूळ लाभार्थ्यांनी भूखंड विकले होते. शहराबाहेर गरिबांना नेऊन टाकण्याचा हा खर्चिक खटाटोप आहे, अशी टीका झाली आणि जागतिक बँकेनेही या मार्गावरून हळूहळू पाऊल मागे घेतले. परंतु केट ओवेन्स, सुमिला गुल्याणी आणि आंद्रेया रिझवी या अभ्यासकांनी वीस वर्षांनंतर मुंबई आणि चेन्नईतील या वसाहती पुन्हा पाहिल्या. २०१८ साली ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष नेमका उलट होता. ज्यांना अपयशी ठरविले त्या वसाहती भरल्या होत्या, घरे वाढली होती, निरनिराळ्या मिळकतीचे लोक तेथे एकत्र नांदत होते. परीक्षा घेणाऱ्यांनी उत्तरपत्रिका फार लवकर तपासली होती. वाढणाऱ्या घराचे मोजमाप सातव्या-आठव्या वर्षी करणे म्हणजे आंब्याची कलमे लावून दुसऱ्याच वर्षी फळांचा हिशेब मागण्यासारखे आहे.

तरीही उणिवांकडे डोळेझाक करता येणार नाही. भूखंड विकून मूळ कुटुंबे निघून गेली, हे अनेक ठिकाणी खरे आहे. त्यांतील काहींनी ती रक्कम गावच्या शेतीत, मुलांच्या शिक्षणात किंवा अधिक दूरच्या मोठ्या घरात घातली असेल, तर काहींना अडचणीपोटी विकावे लागले असेल. दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पाया एका मजल्याचा आणि त्यावर चढलेले मजले दोन-तीन, हा प्रकार धोक्याचा आहे. त्यातील बरेच बांधकाम परवानगीवाचून झाले, कारण परवानगीची पद्धत एकाच वेळी पूर्ण होणाऱ्या इमारतीसाठी बेतलेली होती. घर वाढणार हे गृहीत धरणारी योजना आणि ते वाढूच नये असे मानणारी नियमावली यांची गाठ पडली, की दर पावसाळ्यात कोठे ना कोठे भिंत खचण्याची भीती राहते.

जागा कोठे आहे?

मुंबईत आता अशा वसाहतीला जागाच कोठे आहे, हा सर्वांत मोठा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथे नवे चारकोप वसविणे आज शक्य नाही. कमाल नागरी जमीन धारणा कायदा १९७६ साली झाला तेव्हा त्यातून शासनाच्या हाती मोठी जमीन येईल अशी आशा होती. ती फारशी फळली नाही आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला. पण महानगर प्रदेश म्हणजे केवळ मुंबई नव्हे. वसई-विरारपासून कल्याणपर्यंत आणि पुढे पनवेलपर्यंत शहर वाढतेच आहे. तेथे लोक लहान तुकडे घेऊन हळूहळू घर बांधतातच. फक्त रस्ता, गटार आणि हक्काचा कागद त्यांना आधी मिळण्याऐवजी वीस वर्षांनी मिळतो, किंवा मिळतच नाही. चाळीस वर्षांपूर्वी चारकोपही असेच दूर होते. आज त्याच परिसराजवळून दहिसर-अंधेरी मेट्रो धावते. दूरची जागा जवळ येते, अट एवढीच की तेथे आधी मलवाहिनी आणि नंतर माणूस असा क्रम पाळला गेला पाहिजे.

यासाठी फार नवे काही शोधावे लागणार नाही. तीन मजल्यांचा भार पेलील असा पाया आणि जोते पहिल्याच दिवशी घालून द्यावे. पाण्याच्या व मलाच्या नळ्या एका भिंतीत एकत्र ठेवाव्यात, म्हणजे वरचे मजले त्याच रांगेत चढतील. खणाचे माप ठरवून द्यावे. भारतीय मानकांत इमारतीच्या मापांचा मूळ घटक शंभर मिलिमीटरचा धरलेला आहे; त्यात बसणारी दारे, खिडक्या आणि जिने स्थानिक कारागिरांनाही तयार करता येतील. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तयार फळ्या आणि तुळया वापरून छत घालण्याची पद्धत फार पूर्वीच सिद्ध केली आहे. ती चार माणसे हातांनी उभी करू शकतात. कारखान्याचे खरे स्थान येथे आहे. त्याने घर पुरवू नये, घराचे सुटे भाग पुरवावेत. टप्प्याटप्प्याच्या वाढीचा नमुना नकाशा विभाग कार्यालयात तयार मिळावा आणि पहिली परवानगी तिन्ही टप्प्यांना लागू असावी. बँकांनी पाच-सात वर्षांच्या लहान कर्जांना घरकर्जाचाच दर लावावा.

राहता राहिला प्रश्न खुद्द चारकोप-गोराईचा. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास नियमावलीने म्हाडाच्या वसाहतींना तीन इतका चटईक्षेत्र निर्देशांक देऊ केला आहे, आणि पुनर्विकासाची भाषा या बैठ्या गल्ल्यांतही ऐकू येऊ लागली आहे. मोठ्या सदनिकेचे आमिष कोणाला नको असते? तो निर्णय रहिवाशांचा आहे आणि त्यांनीच घ्यावा. घेताना मात्र वहीत दोन्ही बाजू मांडाव्यात. मनोऱ्यातील सदनिका आजच्या घरापेक्षा मोठी असेल, पण ती त्यानंतर वाढणार नाही. वरच्या खोलीचे भाडे, खालचे दुकान आणि चौकातील वाळवण यांची बेरीज त्या चौरस फुटांत धरलेली नसते. आणि दरमहाचा देखभाल खर्च निवृत्तिवेतनातून द्यावा लागेल. खचलेल्या पायाचे घर पाडावेच लागेल, पण त्याच्या जागी त्याच चौकाभोवती तीन-चार मजल्यांचे पक्के घर बांधण्याचा पर्यायही संस्थांपुढे कोणीतरी आकड्यांनिशी ठेवला पाहिजे. सध्या विकासकाचाच प्रस्ताव पुढे येतो, कारण दुसरा कोणी मांडतच नाही.

पस्तीस कुटुंबांच्या एका चौकात चाळीस वर्षांत किती खण चढले, त्यासाठी किती पैसा लागला आणि तो कोठून आला, याची नोंद म्हाडाच्या दप्तरात सापडणार नाही. ती त्या घरांच्या भिंतींत आहे आणि गृहिणींच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. उपनगरांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या सुटीत या वह्या उघडून पाहिल्या, तर शासनाला पुढची योजना आखण्यासाठी लागणारे बरेचसे आकडे मिळतील. मनोरे उठण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.